सातावरची आडवी रेघ

वास्कोच्या शाळेत प्रोफेसोरा इदालिनानं
बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं:
सातच्या पोटात आडवी रेघ हवीच,
नाहीतर तो एक वाटतो.
फिरंगी गेले. शाळेची पाटी बदलली.
माझ्या सातातली रेघ तेवढी राहिली,
मुरगाव बंदरात अठ्ठावीस वर्षं,
कस्टम्सच्या प्रत्येक फायलीत.

त्या मे महिन्यात एक जहाज अडवलं.
कुठून आलं ते कागदावर होतं,
कुठं चाललं ते दिल्लीहून फोनवर कळलं.
‘शत्रू’ हा शब्द साहेब हळू म्हणाले,
घरात कुणी ‘कॅन्सर’ म्हणतं तसा.

माल: पोलादी टाक्या, नग सात.
वापर: दुग्धव्यवसाय.
एव्हारिस्तनं क्रेननं एकेक उतरवली,
घरोघर फिरणारी सायबीण ठेवावी तशी अलगद.
मी खडूनं आकडे घातले,
मग झाकण उघडून आत डोकं.
तेलाचा वास, नव्या भांड्याचा वास.
“कितें आसा भितर?” एव्हारिस्त खालून.
“वारो,” मी म्हटलं,
आणि टाकीनं तो शब्द मला परत केला.

तिसऱ्या दिवशी तज्ज्ञ आले, दाबोळीवरून थेट.
फणस पिकला का बघावं
तशी टिचकी मारली.
म्हणाले, यात दही लागेल,
आणि मनात आणलं तर साथसुद्धा.
विरजण दोन्हीकडं लागतं.
कशाचं, ते टाकी सांगत नाही.

जहाजावरच्या कुकनं काळा चहा दिला, लिंबू पिळलेला.
गावी त्याची डेअरी होती
किंवा नुसतीच गाय;
हातवारे दोन्हींना सारखेच.

मी लिहिलं: संशयास्पद काही आढळले नाही.
साहेबांनी पेन्सिलनं ‘आढळले’ खोडलं.
आता वाक्य असं झालं:
संशयास्पद वापर नाकारता येत नाही.
किरकोळ दुरुस्ती.
‘नाही’ तर आधीही होतंच.
साडेपाचची बस होती,
पिशवीतल्या बंगड्यांना बर्फ मिळाला नव्हता.
मी सही केली.
जहाज सुटलं. टाक्या गेल्या.

दोन वर्षांनी, रात्रीच्या बातम्यांत,
कुठल्याशा लांबच्या राजधानीत
सूटमधला एक माणूस
भिंतीवरच्या फोटोला काठी लावत होता.
धूसर पोलाद. लाल बाण.
बाणाच्या टोकाशी माझा सात,
पोटात रेघ असलेला.

“तुमच्या अक्षरासारखं दिसतंय,” शशिकला म्हणाली.
मी आवाज कमी केला.
पण तो बोलतच होता:
हा त्यांचा सांकेतिक क्रमांक.
हा सातवा, म्हणजे
असे निदान सात कारखाने.

मी पत्र लिहिलं, रजिस्टर्ड.
‘सदर खडू माझा आहे.’
पोच आली: आपले पत्र संबंधितांकडे पाठवले आहे.

अकराव्या रात्री पडद्यावर हिरवट अंधार पेटला.
नेम अचूक, वार्ताहर म्हणाला.
सकाळी एकदाच, क्षणभर,
भिंत पडलेल्या आवारातून
गटाराकडं पांढरं काही वाहताना दिसलं.
ते दूध होतं, हे
नाकारता येत नाही.

तेव्हापासून मी रेघ देत नाही.
दुधाच्या हिशेबात नाही, चेकवर नाही,
देवळाच्या वर्गणीच्या पावतीवरही नाही.

गेल्या चवथीला फाटकावर चिठ्ठी अडकवली,
नेहमीच्या दोनांऐवजी सात पिशव्या.
उजाडता बघतो तर एकच.
घरात अकरा माणसं, खिरीचा टोप चुलीवर,
शशिकला तापलेली.
“सातच लिहिलं होतं मी,” म्हणून
चिठ्ठी तिच्यापुढं धरली.
तिनं चष्मा लावला,
कागद उजेडात नेला, तिरपा केला.
“एक आहे हा,” म्हणाली.
“कुणीही सांगेल.”